रिअर सेट बसवल्यावर मागचा ब्रेक धरतोय? या चुका टाळा

रविवारी सकाळी खंडवा रोडला किंवा जानापावच्या वाटेला निघालेल्या इंदूरच्या पोरांच्या गाड्या पाहिल्या, तर बऱ्याच जणांनी बाहेरचा रिअर सेट, म्हणजे फूटरेस्ट आणि पॅडलचं वेगळं किट, लावलेला दिसतो. फूटरेस्ट मागे आणि वर जातात, गुडघे टाकीला नीट टेकतात, वळणावर पाय घासत नाही. हौस चांगली आहे. पण या किटबरोबर ब्रेकचं पॅडल, मास्टर सिलिंडर (पॅडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग), त्याची ऑइलची टाकी आणि ब्रेक लाइटचा स्विच, सगळं मूळ जागेवरून हलतं. म्हणून किट बसवल्यावर लगेच मागच्या ब्रेकची तक्रार सुरू झाली, तर पॅड आणि ऑइल बदलत बसू नका. आधी जे हललं आहे ते तपासा.

सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे पुशरॉडला, म्हणजे पॅडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या दांडीला, मोकळीक न ठेवणं. रामबागेतल्या एका मुलाची गाडी घ्या. राजवाडा ते पलासिया कितीही फिरवा, काही तक्रार नाही. सिमरोलचा घाट उतरला की मात्र पॅडल कडक, चाक जड आणि डिस्कला जळका वास. चहा घेऊन अर्ध्या तासाने निघालं की गाडी पुन्हा ठीक. एका गॅरेजने पॅड बदलले, ऑइलही नवं भरलं, फरक शून्य. खाली वाकून पाहिलं तर हील गार्डच्या (टाचेजवळच्या पत्र्याच्या) काळ्या रंगावर तांदळाच्या दाण्याएवढी चकाकती खूण होती. पॅडल वर येताना तिथे अडत होतं, पूर्ण परत येतच नव्हतं. पुशरॉड बोटांनी हलवून पाहिला तर पिस्टनला टेकून ताठ.

हे असं का होतं, ते समजून घ्या. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे आला की टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक छिद्र उघडतं. ब्रेक मारून ऑइल तापतं, फुगतं, आणि वाढलेलं ऑइल या छिद्रातून टाकीत परत जातं. पिस्टन जरासा जरी आत दाबलेला राहिला तरी छिद्र झाकलेलं राहतं. मग ऑइलला जायला वाट नाही. ते कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन ढकलतं, पॅड डिस्कला घासतात, त्याने आणखी उष्णता आणि आणखी दाब. शेवटी चाक जाम. गाडी थंडावली की ऑइल आकसतं आणि ब्रेक सुटतो. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या थंड गाडीत हा दोष कोणाला दिसत नाही.

तपासणी ब्रेक धरलेला असतानाच करायची. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण ऑइल दाबाने उडतं. आधी मास्टर सिलिंडरचे दोन बोल्ट ढिले करून तो पुशरॉडपासून थोडा मागे सरकवा. चाक सुटलं तर दोष पॅडल किंवा पुशरॉडचा. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडरवरचा बँजो बोल्ट (होज, म्हणजे ऑइलची लवचिक नळी, जोडणारा पोकळ बोल्ट) किंचित सोडा. आता सुटलं तर छिद्र कचऱ्याने बुजलंय किंवा आतला पिस्टन अडकलाय. तरीही नाही, पण कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल उघडताच सुटलं, तर होज आतून बंद झालाय. आणि निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपरचे पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बघा. बँजो किंवा निप्पल उघडलं की सिस्टिममध्ये हवा जाऊ शकते, तेव्हा ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे ती हवा काढल्याशिवाय, गाडी रस्त्यावर काढू नका.

सेटिंगचा क्रमही इथे महत्त्वाचा आहे. बूट घालून गाडीवर बसा आणि आधी पॅडलची उंची ठरवा. पाय फूटरेस्टवर असताना पंजा पॅडलवर टेकलेला राहता कामा नये. मग पुशरॉडची मोकळीक, साधारण १ मिमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. रॉड एम-६ आट्याचा असेल तर एका पूर्ण फेऱ्यात लांबी १ मिमी बदलते, त्यामुळे अर्धा-अर्धा फेरा करतच जा. रॉड आखूड करण्याच्या नादात तो क्लेव्हिसमधून (रॉड पॅडलला जोडणाऱ्या U आकाराच्या तुकड्यातून) फार बाहेर काढू नका, त्याचं टोक क्लेव्हिसच्या आत दिसलंच पाहिजे. लॉकनट आवळा, पिनला नवी क्लिप लावा. किटमध्ये पॅडलचा स्टॉप बोल्ट असेल आणि तो तुम्ही नंतर फिरवलात, तर मोकळीक पुन्हा मोजा. रॉड पिस्टनच्या सरळ रेषेत असावा. तिरका असेल तर तो पिस्टनला एका बाजूने ढकलतो आणि सील लवकर जातं.

पॅडल मऊ लागत असेल तर ते वेगळं प्रकरण. होज सोडला होता म्हणजे हवा गेली, हे धरूनच चाला. नव्या जागेत मास्टर सिलिंडर तिरका किंवा आडवा बसला असेल तर बँजोजवळ बुडबुडा अडकतो आणि साध्या ब्लीडिंगने निघत नाही. अशा वेळी कॅलिपर सोडून, पॅडमध्ये लाकडाची पट्टी घालून, निप्पल सगळ्यात वर येईल असा धरा. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्या. डॉट ४ हे ग्लायकॉलचं ऑइल आहे. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. त्यामुळे कपाटातली उघडी जुनी बाटली वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच असतं. टाकी काठोकाठ भरू नका, आणि तिची नळी नव्या जागेत कुठे मुडपली नाही ना, तेही बघा.

ब्रेक लाइटचा स्विच सगळ्यात शेवटी लावायचा. आधी लावला की पॅडलची उंची बदलताच लाइट कायम पेटलेला राहतो, आणि तुम्ही खरंच ब्रेक मारता तेव्हा मागच्याला काहीच कळत नाही. एबी रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत हे किती महाग पडेल, ते सांगायला नको. स्प्रिंगऐवजी दाबावर चालणारा बँजो स्विच घेत असाल तर आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासा. १० मिमीच्या बोल्टमध्ये १.० आणि १.२५ अशा दोन्ही पिच मिळतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो आणि जोर लावला की मास्टर सिलिंडरचे आटे उडतात. होजच्या दोन्ही बाजूंना वॉशर नवेच घाला.

होज पुरतोय का, हे रिकाम्या गाडीवर कळत नाही. मागे कोणाला बसवा, मग चाक उचलून चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) पूर्ण खाली सोडा. दोन्ही स्थितीत होज ताणला जाऊ नये आणि सायलेन्सरला लागू नये. मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर असेल तर तीही नव्या ब्रॅकेटला घासते का ते पाहा.

गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणजे मागचं चाकही लॉक होणार नाही, हा एक गैरसमज आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आलं, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं. नव्या किटमध्ये पॅडलचा दांडा मूळपेक्षा लांब असेल तर तेवढ्याच जोराने मागचं चाक लवकर लॉक होईल, आखूड असेल तर जास्त दाबावं लागेल. हा फरक मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात पायाला कळू द्या. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेल्याची शंका असेल तर गाडी थेट ज्यांच्याकडे डायग्नोस्टिक टूल आहे त्यांच्याकडे न्या.

सगळं जुळलं की सपाट रस्त्यावर १०-१५ किलोमीटर फिरा, शेवटचा टप्पा मागचा ब्रेक न लावता. थांबल्यावर डिस्कवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. चर्र आवाज होऊन ते उडाले तर ब्रेक अजून धरतोय आणि घाटाचा बेत पुढे ढकला. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर लॉकनट, क्लेव्हिसची पिन आणि मास्टर सिलिंडरचे दोन्ही बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून बघा.