सुधारलेला प्रकल्प पुन्हा मांडताना

सर्वांसाठी खुला केलेला प्रकल्प सुधारून पुन्हा मांडला की तो दोन प्रकारचे लोक उघडतात. काही जण पहिल्यांदाच बघणारे असतात, काहींनी जुन्या आवृत्तीवरून यंत्र बनवून बसवलेले असते. फसतो तो हा दुसरा, म्हणून खालचे बहुतेक नियम त्याच्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून गोव्यातल्या चोडण-दिवाडीसारख्या ठिकाणी खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ, भरतीचे पाणी मोजणारे यंत्र घेऊ. ईएसपी-32 हा वायफाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा एचसी-एसआर04 अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि खांबावर पेटी, एवढाच संसार.

आधी आवृत्तीचा क्रमांक ठरवा. तीन आकडे पुरतात. नुसती चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवा (1.0.0 चे 1.0.1). जुने काही न मोडता भर घातली तर मधला. जुन्या यंत्रावर नवा कोड किंवा नवी जोडणी जशीच्या तशी चालणार नसेल तर पहिला. माहितीतले शुद्धलेखन सुधारले म्हणून कोणी प्रकल्प नव्याने मांडू नये. ते जागच्या जागी सुधारावे.

तापमानाची सुधारणा घ्या. आवाजाचा वेग 20 अंशांना सेकंदाला साधारण 343 मीटर असतो, 32 अंशांना तो 350 च्या वर जातो. कोडमध्ये 343 च ठेवला तर दोन मीटर अंतरावर सुमारे चार सेंटिमीटरची चूक येते. जादा तापमान सेन्सर लावला तर ही दुरुस्ती होते, न लावला तर पूर्वीसारखेच चालते, अशी सोय ठेवली असेल तर 1.1.0 म्हणा.

सेन्सर बदलला की गोष्ट वेगळी. खाऱ्या हवेत उघडा एचसी-एसआर04 गंजतो, म्हणून जलरोधक जेएसएन-एसआर04टी लावला जातो. जुना सेन्सर 2 सेंटिमीटरपासून मोजतो. नव्याला मात्र समोर 20 ते 25 सेंटिमीटर मोकळी जागा लागते, त्याच्या आतले आकडे भरवशाचे नसतात. जुन्या खिळ्यांवरच तो ठोकला तर मोठ्या भरतीला, नेमके पाणी वर चढल्यावर, यंत्र चुकीचे सांगेल. हा बदल 2.0.0 चा, आणि बदलांच्या नोंदीत पहिल्याच ओळीत हवा: 'सर्वात मोठ्या भरतीच्या रेषेपासून सेन्सर किमान 30 सेंटिमीटर वर बसवा.'

'सुधारणा केल्या', 'कामगिरी वाढवली' असल्या नोंदी लिहिण्यापेक्षा न लिहिलेल्या बऱ्या. काय बदलले, का बदलले, जुन्या यंत्रवाल्याने काय करायचे, या तीन गोष्टी लिहा. त्याला काहीच करायचे नसेल तर तेही लिहा.

सुट्या भागांची यादी आणि जोडणीचा आराखडा कोडबरोबरच बदला. इथेच सर्वात जास्त राहून जाते. सेन्सरच्या इको पिनवर (मोजमापाचा संकेत बोर्डाला देणाऱ्या पिनवर) 5 व्होल्ट येतात आणि ईएसपी-32 ला 3.3 सोसतात, म्हणून 1 आणि 2 किलोओहमचे रोधक व्होल्टेज उतरवणारा विभाजक म्हणून लागतात. ते फक्त नव्या फोटोत दिसत असतील आणि यादीत नसतील तर कोणाचा तरी बोर्ड जळेल. जुने फोटो ठेवायचे असतील तर त्यांवर आवृत्ती लिहा.

वापरलेल्या लायब्ररींच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) आवृत्त्याही द्या. ईएसपी-32 चा आर्डुइनो कोअर, म्हणजे आर्डुइनोतून हा बोर्ड चालवणारा मूळ कोड, 2 वरून 3 वर गेला तेव्हा पीडब्ल्यूएमची (पिन झटपट चालू-बंद करून दिव्याचा उजेड वगैरे कमी-जास्त करण्याची) जुनी फंक्शने काढली गेली, त्यामुळे 'माझ्याकडे चालते' या वाक्याला काही किंमत नाही. मांडण्यापूर्वी दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर कोड उतरवून, फक्त तुमची माहितीपत्रिका वाचून यंत्र चालू करून बघा. शक्यतो हे काम दुसऱ्याला करू द्या.

एकदा बाहेर गेलेली आवृत्ती गुपचूप बदलू नका. 2.0.0 मध्ये चूक सापडली तर 2.0.1 काढा आणि जुनी तशीच राहू द्या. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे साधन) वापरत असाल तर प्रत्येक आवृत्तीला टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा आणि तो नंतर हलवू नका.

दुसऱ्याच्या प्रकल्पावर काम केले असेल तर त्याचे श्रेय आणि परवाना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत जातो. एमआयटी या खुल्या कोडच्या परवान्यात मूळ हक्कसूचना ठेवावी लागते. सीसी बाय-एसए 4.0 या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात बदल केल्याचे सांगावे लागते आणि तुमची सुधारित आवृत्तीही त्याच किंवा त्याला सुसंगत परवान्याखाली द्यावी लागते.

शेवटी कोडमध्ये वायफायचा पासवर्ड किंवा सेवेची गुप्त चावी राहिली आहे का बघा. पुढच्या आवृत्तीतून ती पुसली तरी गिटच्या इतिहासात दिसतच राहते. एकदा बाहेर गेलेली चावी त्या सेवेकडे रद्द करून नवी घ्यावी लागते.