कर्णबधिर मुलांना व्हिडिओतून शिकवताना या चुका टाळा

शाळेत मोठा टीव्ही लागला, प्रोजेक्टर आला, शिक्षकांच्या खिशात बरा कॅमेरा असलेला फोन आहे. डोळ्यांनी शिकणाऱ्या मुलांना याचा फायदा सगळ्यांत आधी व्हायला हवा होता. वर्गात मात्र वेगळंच दिसतं. पहिली दोन-तीन मिनिटं मुलं टक लावून बघतात, मग बाकाखालून खुणांच्या गप्पा सुरू होतात. "यांचं लक्षच नसतं," असं शिक्षक म्हणतात. लक्ष असतं हो. त्या व्हिडिओतलं त्यांच्यापर्यंत पोहोचत फारसं काही नाही.

ऐकणारं मूल आकृतीकडे बघत बघत समजावणं ऐकतं. कर्णबधिर मुलाला आकृतीही डोळ्यांनीच घ्यायची असते आणि समजावणंही. ही दोन्ही कामं एकदम होत नाहीत, आणि खालच्या निम्म्याअधिक चुका इथूनच निघतात.

समजावत समजावत दाखवणं

सर्वांत जास्त व्हिडिओ इथेच फसतात. लिटमसचा प्रयोग घ्या. शिक्षिका एका हाताने निळा कागद लिंबाच्या रसात बुडवतात आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने सांगतात, "बघा, रंग बदलतोय." मुलाने हाताकडे बघितलं तर कागद लाल होताना हुकतो, कागदाकडे बघितलं तर वाक्य हुकतं. वर एक हात अडकल्यामुळे खुणाही अर्ध्याच होतात.

क्रम साधा ठेवा. काय होणार आहे आणि कुठे बघायचं ते आधी सांगा. हात खाली घ्या. प्रयोग करा आणि झाल्यावर तीन-चार सेकंद काहीही न करता थांबा. मग समजवा. हे थांबणं ऐकणाऱ्या माणसाला फार लांबलचक वाटतं. संपादन करणारा तर ती जागा "रिकामी" समजून हमखास कापतो. त्याला आधीच बजावून ठेवा.

तयार व्हिडिओ वापरत असाल तर पॉज बटण हे तुमचं मुख्य साधन. व्हिडिओ चालू असताना शेजारी उभं राहून खुणा करू नका; थांबवा, सांगा, पुढे न्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खी तासिका लागली तर बिघडलं काय?

आणि प्रोजेक्टरसाठी वर्गात मिट्ट काळोख करू नका. पडदे ओढले, दिवे घालवले की चित्र झकास दिसतं आणि शिक्षक दिसेनासा होतो. म्हणजे मुलांच्या दृष्टीने तो गप्प झाला. शिक्षकावर पडेल असा एक दिवा चालू ठेवा. उभं राहायचं ते पडद्याला लागून. वर्गाच्या मागे लॅपटॉपपाशी उभं राहिलात तर मुलांना मान वळवत बसावं लागतं.

दुभाषाला कोपऱ्यात कोंबणं

उजव्या कोपऱ्यात एक गोल, त्यात दुभाषाचं, म्हणजे बोलणं खुणांत सांगणाऱ्याचं, डोकं आणि अर्धे हात. बनवणाऱ्याने संगणकाच्या मोठ्या स्क्रीनवर पाहिलेलं असतं, मूल बघतं आईच्या फोनवर. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने टीव्हीसाठी घातलेली किमान मर्यादा चित्राच्या एक षष्ठांश इतकी आहे, आणि तीही दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी. फोनवर बघायच्या धड्यात माझ्या मते दुभाषाला निदान एक तृतीयांश पडदा हवा. आकृती नसेल तेव्हा त्याला पूर्ण पडदा द्या. गोलापेक्षा उभा आयत बरा, कारण गोलात हातांची कोपरं कापली जातात. सबटायटल दुभाषाच्या हातांवर येत नाहीत ना, हे शेवटची फाइल चालवूनच तपासा.

"सबटायटल आहेत ना, मग झालं"

नाही झालं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला मराठी कानावर पडून मिळालेली नसते. ती तो बव्हंशी शाळेत, वाचून शिकतो. सातवीतलं हुशार मूल चौथीच्या पुस्तकातल्या वाक्यावर अडखळू शकतं, आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नसतो. त्याच्यासमोर "सूर्याच्या उष्णतेमुळे जलाशयातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन" असं वाक्य तीन सेकंद झळकून गेलं तर त्याने काय वाचायचं? वाक्यं तोडा. "सूर्य पाणी तापवतो. पाण्याची वाफ होते." एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ बदलण्याआधी तुम्ही स्वतः सावकाश दोनदा वाचू शकाल इतका वेळ द्या.

यंत्राने आपोआप बनवलेली सबटायटल तशीच ठेवू नका. यंत्र चुकतं ते नेमकं पारिभाषिक शब्दांत आणि विशेषनामांत, म्हणजे धडा ज्यासाठी आहे त्याच ठिकाणी. ऐकणारा माणूस ती चूक कानाने दुरुस्त करून घेतो. कर्णबधिर मूल चुकीचं स्पेलिंग पाठ करतं.

याच्या उलट चूकही होते: खुणा आहेत म्हणून लिखित मराठी काढूनच टाकायची. मग परीक्षेत "बाष्पीभवन" समोर आलं की मुलाला कल्पना माहीत असते आणि शब्द परका वाटतो. नवा शब्द आला की आधी खूण, मग पडद्यावर मोठ्या अक्षरात शब्द, मग पुन्हा खूण.

काही शिक्षक कॉपीराइटच्या भीतीने दुसऱ्याच्या व्हिडिओला सबटायटल लावायला कचरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी, नफा न कमावता, सुलभ स्वरूपात रूपांतर करायला सवलत आहे.

कॅमेऱ्याच्या तक्रारी आणि त्यांची कारणं

हात धुरकट दिसतात: खोलीत उजेड कमी आहे. उजेड कमी पडला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हलणारी बोटं फरफटल्यासारखी येतात. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात. त्यातले ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटाच्या टोकाला स्पर्श. जरासं धुरकट झालं की पाचही सारखेच. समोरून भरपूर उजेड घ्या आणि सेकंदाला २५ ते ३० चित्रांच्या खाली जाऊ नका.

चित्रावर आडवे पट्टे सरकतात: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची मांडणी हाताने ठरवायची सोय) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. हातांसाठी १/१०० जास्त चांगलं. नाहीतर सरळ दिवसाच्या उजेडात चित्रण करा.

चेहरा काळा येतो: पाठीमागे खिडकी आहे. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करा. चेहरा नीट दिसणं ही हौस नव्हे. वर गेलेल्या भुवया, आवळलेले ओठ, मानेचा झटका यांवरच प्रश्न, नकार, आश्चर्य कळतं, भुवया दिसल्या नाहीत तर "तू आलास?" आणि "तू आलास." यांत फरक उरत नाही. म्हणून चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टरही बंद.

बोटं मधूनच गायब होतात: पार्श्वभूमी अस्पष्ट करण्याची सोय चालू आहे. सॉफ्टवेअर हलणाऱ्या बोटांना मागच्या भिंतीचा भाग समजून पुसतं. ती बंद करून मागे एकरंगी चादर बांधा. चादर आणि कपडे त्वचेच्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळे हवेत: सावळ्या हातांमागे गडद तपकिरी नको, गोऱ्या हातांमागे फिकट पिवळा नको. चौकडीचा शर्ट, भरजरी काठ, हातभर बांगड्या, चमकणारं घड्याळ हे सगळं त्या दिवसापुरतं बाजूला.

चौकट डोक्यावर वीतभर जागा सोडून कमरेपर्यंत, आणि दोन्ही कोपरं बाजूला पसरली तरी आत राहतील अशी घ्या. फोन आडवा. पुढच्या कॅमेऱ्याने घेतलं असेल तर मागच्या फळ्यावरची अक्षरं उलटी तर आली नाहीत ना, हे लगेच बघा.

आवाजाकडे दुर्लक्ष, ओठांवर भरवसा

कर्णबधिर मुलांच्या व्हिडिओत आवाज कशाला, असं वाटू शकतं. पण श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) वापरणारी बरीच मुलं थोडंफार ऐकतात, आणि त्यांच्यासाठी निवेदनामागचं संगीत ही खरी डोकेदुखी आहे. यंत्राला बासरी आणि बोलणं नीट वेगळं करता येत नाही. संगीत काढून टाका, काही बिघडत नाही.

ओठ वाचता येतात म्हणून नुसता बोलणारा चेहरा दाखवून भागत नाही. पान, बाण, मान, भान: आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. क आणि ग तर घशातच राहतात, बाहेर काही दिसत नाही.

कुठल्याही देशाच्या खुणा उचलणं

इंटरनेटवर सापडणारे सुंदर व्हिडिओ बऱ्याचदा अमेरिकन सांकेतिक भाषेतले असतात. तिथली अक्षरं एका हाताची, व्याकरण वेगळं, खुणा वेगळ्या. आपल्या मुलाला ती परकी भाषाच.

आपल्याकडे साहित्य आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत १०,००० शब्दांचे व्हिडिओ झाले. ६ ऑक्टोबर २०२० ला या केंद्राचा एनसीईआरटीशी (देशपातळीवर पाठ्यपुस्तकं बनवणारी संस्था) तिची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही योजनेची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे. पण हे धडे एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले, आणि आपली बहुतेक मुलं बालभारतीची पुस्तकं वापरतात. व्हिडिओ लावण्याआधी धडा जुळवून घ्या. शब्दकोशातली खूण आणि तुमच्या शाळेतल्या मुलांची खूण वेगळी निघाली तर दोन्ही दाखवा. मुंबई, पुणे, नागपूरच्या खुणांत फरक असतातच. मुलांना "तुमची चूक" म्हणायची गरज नाही.

खुणा करायला कोणाला उभं करायचं, हाही प्रश्न आहे. ऐकणारे शिक्षक तोंडाने मराठी वाक्य बोलत त्याच क्रमाने खुणा लावत जातात. त्यात मराठीही मोडते आणि सांकेतिक भाषाही. शाळेचे कर्णबधिर माजी विद्यार्थी गावात असतील. त्यांना बोलवा आणि मानधन द्या. "शाळेसाठी एवढं कर" म्हणून फुकटात राबवू नका.

ऑनलाइन तास

झूमसारख्या ॲपमध्ये जो आवाज करतो तो मोठा दिसतो. खुणा करणारं मूल आवाज करत नाही, म्हणून ते कोपऱ्यातच राहतं आणि कुणी खोकलं की पडदा खोकणाऱ्याकडे जातो. यजमानाने दुभाषाला आणि खुणा करणाऱ्या मुलाला स्पॉटलाइट करावं, म्हणजे ते सगळ्यांना मोठे दिसतील. मुलांना पिन करायला, म्हणजे आपल्या पडद्यावर हवी ती चौकट मोठी धरून ठेवायला, शिकवावं. स्क्रीन शेअर सुरू झाल्यावर दुभाषाची चौकट केवढी उरते, ते आधी दुसऱ्या फोनवरून बघून ठेवा. रेकॉर्डिंगही एकदा तपासा, कारण तासाला दिसलेला दुभाषी रेकॉर्डिंगमध्ये असेलच असं नाही.

समजलं का, असं विचारणं

या प्रश्नाला कर्णबधिर मुलं मान डोलावतात; लहानपणापासून तीच सवय लागलेली असते. व्हिडिओ संपल्यावर एका मुलाला सांगा, "काल जो आला नव्हता त्याला हे सांग." तो काय सांगतो ते फोनवर टिपा. कुठला भाग गाळला, कुठली खूण स्वतः बनवली, कुठे घाईत पुढे गेला, हे पाहिलं की पुढचा व्हिडिओ कुठे सुधारायचा ते कळतं. गृहपाठाची उत्तरंही अधूनमधून अशीच खुणांमधून मागवा. मराठी लिहिता आलं नाही म्हणून विज्ञान आलं नाही, असा घोळ मग होत नाही. आई-वडील बहुतेक वेळा ऐकणारे असतात. मुलाचा व्हिडिओ खाली मराठी ओळी टाकून त्यांना पाठवला तर घरात चार खुणा जातात.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकू नका. आकार कमी करताना ते बोटांचा तपशील घालवतं. फाइल "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. पालकांचं नेट रोजच्या दीड-दोन जीबीत भागत असेल तर एका कल्पनेला एक, दोन-तीन मिनिटांची फाइल ठेवा आणि नावात इयत्ता, विषय, धडा लिहा.