भाड्याच्या जुन्या घराची 'ग्रँडफादर्ड' कागदपत्रं आणि डेडलाइन: मुदत अशी वाढवून मिळाली

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका कॉलेज टाउनमध्ये आमचं भाड्याने दिलेलं जुनं घर आहे. बेसमेंटच्या बेडरूमच्या खिडकीची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४८ इंचावर, आणि संकटात बाहेर पडता यावं म्हणून आजच्या कोडमध्ये (इमारतींच्या नियमांत) ती ४४ इंचाच्या वर चालत नाही. बांधतानाच्या जुन्या नियमात बसत असेल तर सूट मिळते (यालाच 'ग्रँडफादर्ड' म्हणतात), पण पुरावा ठराविक तारखेच्या आत द्यायचा, आणि आमचा अर्ज शहराच्या कार्यालयाकडून 'पुरावा अपुरा' म्हणून दोनदा परत आला.

फोन केले, फोटो पाठवले, शेजारच्या आजोबांचं नोटरी केलेलं पत्रही दिलं, कशाचाच उपयोग नाही. तीन आठवडे झोप उडाली होती.

मग काय चाललं ते क्रमाने सांगते. आधी काउंटी असेसरच्या (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या जिल्हा कार्यालयाच्या) साइटवरून प्रॉपर्टी कार्ड काढलं, त्यात बांधकामाचं वर्ष आणि स्केच असतं, त्यावरच लॉट आणि ब्लॉक नंबर (नकाशातला प्लॉटचा क्रमांक) मिळाला. मग जुन्या बांधकाम परमिटच्या प्रतीसाठी लेखी रेकॉर्ड रिक्वेस्ट टाकली, पण पत्त्यावर नाही तर लॉट-ब्लॉक नंबरवर, कारण आमच्या रस्त्याचे घरनंबर मध्ये बदललेत (इथेच बहुतेकांचं अडतं!). त्या रिक्वेस्टची पोच जोडून, डेडलाइनच्या आधी, मुदतवाढीचं पत्र दिलं: कुठली खोली, काय माप, कुठला पुरावा हातात, कुठला यायचाय, आणि नेमकी कुठल्या तारखेपर्यंत वेळ हवाय. नुसतं 'थोडा वेळ द्या' लिहू नका. उत्तर ईमेलवरच मागा.

साठ दिवस मिळाले, परमिट चाळिसाव्या दिवशी आलं.