प्रतिवादी किंवा आरोपी म्हणून कोर्टात उभे राहताना या चुका टाळा

दिवाणी दाव्यात समोरचा पक्ष प्रतिवादी असतो, फौजदारी खटल्यात आरोपी. दोघांनाही एकच सल्ला लागू होतो असे समजून लोक फसतात.

सर्वांत महागात पडते ते बेलिफाला (समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याला) दारातून परत पाठवणे. समन्स नाकारले तर बेलिफ ते दाराला चिकटवून तसा अहवाल देतो आणि कोर्ट ते बजावले गेल्याचे धरू शकते. मग दावा एकतर्फी चालतो. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, तुमच्याविरुद्ध झालाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते आणि गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियतीलाही, म्हणजे दाव्याला द्यायच्या उत्तरालाही, ३० दिवसच. कोर्ट कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. इथे एक गफलत फार होते: मनाई हुकमाच्या अर्जावर (दावा चालू असताना एखादी गोष्ट थांबवण्यासाठी वादीने दिलेला अर्ज; कोर्टात त्याला निशाणी ५ म्हणतात) म्हणणे दिले की कैफियतही झाली असे पक्षकार धरून चालतो. ती वेगळी द्या, नाहीतर तेच म्हणणे कैफियत समजावे अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) द्या. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, तशी नोंद झाली का, हेही बघा.

'वादपत्रातील मजकूर खोटा आहे' एवढे लिहून भागत नाही. जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. वादी म्हणतो तीन लाख उसने दिले, आणि तुम्ही लिहिता 'तीन लाख घेतले नाहीत'. हा नकार लंगडा आहे. एक रुपयाही घेतला नाही, किंवा नेमके किती घेतले, ते लिहा.

फौजदारीत उलट. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चे संरक्षण आहे. पण गप्प राहण्याचा हक्क म्हणजे गैरहजर राहण्याची मुभा नव्हे. तारखेला जमत नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. नाहीतर वॉरंट निघते.

चेक बाऊन्सच्या खटल्यात मात्र मौन अंगाशी येते. सही मान्य असेल तर चेक देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. ती पाकिटातच ठेवू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.