गाडीखाली जनावर आल्यानंतर : या चुका टाळा

आमच्या तालुक्यात जखमी जनावरांना दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षे करत आहोत. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन येतात आणि त्यांतले पुष्कळसे फोन ज्याच्या गाडीची धडक बसली त्याचेच असतात. जनावराची काहीतरी व्यवस्था लागते किंवा ते दगावते. पण तो माणूस आठवड्याने, महिन्याने पुन्हा फोन करतो, कारण तो क्षण त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. या सर्वांच्या हातून होणाऱ्या चुका इतक्या ठरावीक आहेत की, त्या एकदा लिहून काढाव्यात असे वाटले.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे विसरू कसे?’ अपघाताला दोन दिवसही झालेले नसतात. विसरण्याचा उपाय मला ठाऊक नाही आणि ठाऊक असता तरी मी तो सांगितला नसता. आपल्या हातून जीव गेला याचे वाईट वाटणे हा आजार नव्हे. माणूस खचतो तो त्या वाईट वाटण्याला माप न राहिल्यामुळे, आणि ते माप हरवण्याची सुरुवात बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच होते.

न थांबता पुढे निघून जाणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात, रात्री साडेनऊच्या सुमारास मी आणि पत्नी लोणंदहून फलटणकडे येत होतो. गळीत हंगाम सुरू झालेला होता. तरडगावच्या अलीकडे उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर ओलांडून मी डाव्या बाजूला आलो, समोरच्या गाडीच्या अपर लाइटने डोळे दिपले आणि त्याच वेळी कडेच्या काळोखातून एक पिवळसर कुत्री रस्त्यावर आली. आवाज मोठा नव्हता. नारळ पोत्यात पडावा तसा होता. पत्नी म्हणाली, “थांबा.” मी म्हणालो, “पळाली ती, काही झालं नसेल.” आरशात ट्रॅक्टरच्या दिव्यांशिवाय काहीच दिसत नव्हते आणि मी त्याचाच आधार घेतला.

घरी पोहोचल्यावर बॅटरीच्या उजेडात बंपर पाहिला. नंबरप्लेटच्या वरच्या फटीत चार-पाच पिवळे केस अडकले होते. ते मी बोटांनी काढले आणि कुठे टाकावेत हे न सुचल्याने बराच वेळ तळहातावर धरून अंगणात उभा राहिलो.

पुढचे आठ दिवस मी मनातल्या मनात त्या कुत्रीला शंभर वेळा वाचवले आणि शंभर वेळा मारले. कधी ती लंगडत निघून गेली असे वाटे, तर कधी ती अजून तिथेच विव्हळत पडली असेल असे वाटून जाग येई. नवव्या दिवशी मी गाडी काढून त्या जागी गेलो. रस्त्याकडेला चहाची टपरी होती. टपरी चालवणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “आमचीच हुती ती. सरपटत उसात गेली. पोरगं अन् मी रातभर बॅटरी घेऊन हुडकत हुतो. सकाळी सरीत गावली, तवा धुगधुगी हुती अजून. दादा, तवाच थांबला असता तर बरं झालं असतं.” त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि तो मी प्यायलो.

कळले ते वाईटच होते, परंतु त्या रात्री मला आठवडाभरानंतर पहिल्यांदा झोप लागली. कारण आता जे घडले ते ठरले होते. मनाला रोज नवा शेवट रचावा लागत नव्हता. शिवाय माझी चूक नेमकी कोणती हेही उघड झाले. ती धडक टाळता आली असती की नाही, यावर वाद घालता येईल. न थांबणे मात्र संपूर्णपणे माझे होते.

म्हणून माझा आग्रह असतो की, शक्य असेल तेव्हा थांबावेच. पार्किंगचे चारही दिवे लावून गाडी कडेला घ्यावी आणि आधी मागची वाहतूक पाहावी, कारण जनावराकडे धावताना माणूस दुसऱ्या गाडीखाली येऊ शकतो. द्रुतगती मार्गावर तर पायी मागे जाऊच नये, महामार्गाच्या मदत क्रमांकावर कळवावे. राज्यात पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तर वन्यप्राण्यासाठी वन विभागाचा १९२६. पथक प्रत्येक वेळी लगेच मिळेलच असे नाही, त्यामुळे आपल्या नेहमीच्या रस्त्यावरील एखाद्या पशुवैद्यकांचा क्रमांक फोनमध्ये आधीच असावा. बिबट्या, रानडुक्कर किंवा नीलगाय असेल तर गाडीतून उतरू नये.

कुत्र्याच्या बाबतीत घाई केल्यास नवा अनर्थ ओढवतो. वेदनेने कळवळणारे कुत्रे, कितीही गरीब असले तरी, चावते. मागच्या बाजूने चादर टाकून, अंग न मुरगळता, त्याच चादरीवर किंवा फळीवर सरकवून त्याला उचलावे. तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. चावा बसला वा ओरखडा आला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी आणि तिचे सर्व डोस पूर्ण करावेत. माझ्या डिकीत जुनी चादर, गोणपाट, जाड हातमोजे, बॅटरी आणि बँडेजचा रोल कायम असतो.

जनावर मेलेले असले, तरी दोन गोष्टी पाहिल्याशिवाय मी जागा सोडत नाही. कानाच्या टोकाला खाच असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. म्हणजे ते कोणाच्या तरी माहितीतले असते, बहुधा रोज कोणीतरी त्याला खाऊ घालत असते, आणि त्या माणसाला कळायला हवे. मादी असेल आणि तिची आचळे भरलेली असतील, तर जवळपास पिल्ले असतात. ती शोधायला किंवा निदान वस्तीवर सांगायला हवे.

पुष्कळ जण पळतात ते पोलिसांच्या भीतीने. मुंबईत २०२० साली दुचाकीखाली कुत्रा मेल्यावरून दाखल झालेला गुन्हा उच्च न्यायालयाने पुढे रद्द केला आणि तेव्हाच्या दंड विधानातील कलम २७९ व ३३७ माणसांच्या जिवाला होणाऱ्या धोक्यासाठी व इजेसाठी आहेत, हे स्पष्ट केले. जाणूनबुजून मारणे हा गुन्हा आहे, चुकून लागलेली धडक ही वेगळी बाब. मात्र शेळी, मेंढी, गाय कोणाच्या तरी मालकीची असते आणि नुकसानीची खबर चोवीस तासांच्या आत पोलिसांना देणे मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव तापलेला असेल, तर तिथे हुज्जत न घालता थेट पोलीस ठाणे गाठावे. धनगराच्या हातात दोन नोटा कोंबून गाडी पळवणाऱ्यांविषयी मला काडीचाही आदर नाही; एक मेंढी गेली, तर त्या घराचे वर्षाचे गणित हलते.

हिशेब न करणे

दुसरी मोठी चूक म्हणजे दोषाचा हिशेब टाळून त्यावर सरसकट निकाल देणे. काही जण ‘मी खुनी आहे’ म्हणतात, काही जण ‘तेच मध्ये आले’ म्हणतात. दोघांनीही प्रत्यक्ष काय घडले हे पाहिलेले नसते.

मी फोन करणाऱ्याला त्याच रात्री कागद घेऊन बसायला सांगतो. वेळ, गाडीचा वेग, दिवे अपर होते की डिपर, जनावर पहिल्यांदा किती अंतरावर दिसले, ब्रेक केव्हा दाबला, हे सर्व जसे आठवते तसे लिहायचे. दुसऱ्या दिवशी आठवण बदलायला लागते, कारण आता शेवट माहीत असतो आणि शेवट माहीत असलेल्या मनाला वाटते की आपल्याला आधीच दिसायला हवे होते.

मग आकडे घ्यावेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ३३ मीटर जातात. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण जवळजवळ ७० मीटर झाले, आणि डिपरच्या उजेडात गडद रंगाचे जनावर चाळीस-पन्नास मीटरपलीकडे सहसा दिसत नाही. म्हणजे अंधारात डिपरवर ८० ने जाणाऱ्याची चूक जनावर रस्त्यावर येण्याच्या बरीच आधी घडलेली असते. ताशी ५० ला हेच अंतर सुमारे ३५ मीटरवर येते. परंतु ५० च्या वेगातही झुडपातून ससा पंधरा मीटरवर उडी मारून आला, तर कोणताही चालक थांबू शकत नाही, आणि तिथे स्वतःला फासावर चढवण्यात अर्थ नाही. अंधाराला सरावलेल्या जनावराचे डोळे प्रखर दिव्याने दिपतात, त्यामुळे ते पळण्याऐवजी जागीच थिजते. तेव्हा ‘त्याला पळता आले नसते का’ हा प्रश्नही सोडून द्यावा.

माझ्या कागदावर वेगाच्या जागी ताशी ७५ हा आकडा आला होता. तो पाहणे जड गेले, पण त्यातून एक ठोस गोष्ट निघाली. तेव्हापासून दिवे नसलेल्या दुपदरी रस्त्यावर मी रात्री ५० च्या वर जात नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

प्रायश्चित्ताची घाई

आपल्याकडे मांजर मेले, तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे असे जुनी माणसे सांगत. श्रद्धेने कोणी काही करत असेल, तर त्याला माझा विरोध नाही. मला खटकतो तो पाप फेडून मोकळे होण्याचा घाईचा हिशेब, आणि त्याचा सर्वांत वाईट आधुनिक प्रकार म्हणजे आठवड्याच्या आत पिल्लू घरी आणणे.

एका तरुणाच्या दुचाकीखाली मांजर गेले. मुलगा मनाने चांगला होता, दोन दिवस जेवला नव्हता. पाचव्या दिवशी त्याने रस्त्यावरचे कुत्र्याचे पिल्लू उचलून खोलीवर आणले. मी फोनवर त्याला म्हणालो, “बाळा, तीन महिने थांब.” त्याने ऐकले नाही. भाड्याची खोली, बारा तासांची नोकरी, घरमालकाचा विरोध. अडीच महिन्यांनी तो पिल्लू परत घेऊन माझ्या दारात उभा होता आणि आता त्याच्या मनावर दोन जनावरांचे ओझे होते. त्या पिल्लाला घर शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. काही करायचेच असेल, तर जवळच्या निवाऱ्यात महिन्यातून दोन रविवार जाऊन पिंजरे धुवावेत. त्यात कोणा नव्या जिवाला आपल्या दुःखाची किंमत मोजावी लागत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

मेलेल्या जनावराचा फोटो स्टेटसला ठेवू नये. ज्याच्या दारातले ते जनावर असेल, त्याला ते तिथून कळणे क्रूर आहे.

झोप यावी म्हणून दारू घेऊ नये. झोप लागते, पण ती तुटते, आणि तुटते तेव्हा तेच दृश्य समोर असते.

पुढच्या वेळी वाचवायचेच, असे ठरवून गाडी झटक्याने वळवण्याची सवय लावू नये. सरळ रेषेत ब्रेक दाबावा, कारण कडेला झाड, खड्डा किंवा चालणारा माणूस असतो.

तो रस्ता कायमचा टाळू नये. पहिल्यांदा दिवसा, कोणाला तरी सोबत घेऊन जावे.

हात थरथरणे, आवाज कानात राहणे, जेवण न जाणे हे पहिले काही दिवस होतेच. महिना उलटूनही झोप, कामधंदा किंवा गाडी चालवणे जमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ‘कुत्र्यासाठी कसला आलाय डॉक्टर’ असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

ऐकणाऱ्यांच्या चुका

शेवटचा भाग घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी आहे. ‘कुत्रंच होतं ना’ हे वाक्य धीर द्यायला म्हटले जाते, पण ते ऐकणाऱ्याचे तोंड कायमचे बंद करते. ‘तुझी काहीच चूक नाही’ हेही लगेच म्हणू नये. ते तुम्हाला ठाऊक नसते, आणि हे त्यालाही कळते. माझ्याकडे फोन आला की मी एवढेच विचारतो, “कुठे झालं? मग काय झालं?” आणि मध्ये न बोलता ऐकतो. सांगता सांगता बहुतेक जण थोडा वेळ थांबतात आणि मग गाडीचा वेग किती होता, ते स्वतःहून सांगतात.