सत्काराआधी मंचाचा उतार मोजा

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, कृत्रिम पाय बसवणाऱ्या किंवा तीनचाकी सायकली दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा सत्कार ठेवत असाल, तर निवड त्यांची सेवा घेतलेल्या दिव्यांगांनाच करू द्या.

मग मंच. त्यावर चढायच्या उताराचं (रॅम्पचं) प्रमाण 1:12 हवं: मंच 60 सेंटिमीटर उंच, तर उतार 7.2 मीटर लांब. रुंदी किमान 1.2 मीटर, दोन्हीकडे कठडे, माथ्यावर व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा. दोन मीटरची फळी टाकून भागवू नका. एवढ्या चढावर खुर्ची मागे कलंडते. जागा नसेल तर सत्कार सरळ जमिनीवरच करा, तेच उत्तम. उतारावर सैल गालिचा नको, कुबडी घसरते. कुबड्या घेतलेल्या सत्कारमूर्तीच्या हातात नारळ देऊ नका. शाल खांद्यावर घाला, बाकीचं आसनापाशी पोहोचवा.