बाहेरचे क्लायंट घेऊन परदेशात शिफ्ट होताय? व्हिसाच्या या चुका टाळा

फ्रीलान्स करणाऱ्यांचा एक ठरलेला हिशोब असतो. क्लायंट अमेरिकेत, पैसे डॉलरमध्ये, काम लॅपटॉपवर, मग मी कोथरूडला बसलो काय आणि वॅलेन्सियाला बसलो काय, कुणाला काय फरक पडतो? पडतो की. ज्या देशात जाऊन बसणार त्या देशाला पडतो. काम करायची परवानगी लागते की नाही हे तुम्ही कुठे बसून काम करता यावर ठरतं, आणि कुठली परवानगी मिळेल हे बरंचसं तुमचे क्लायंट कुठले आहेत यावर. बहुतेक जण दुसरा भाग बघतच नाहीत, "फ्रीलान्स व्हिसा" एवढं सर्च करतात आणि जो देश आवडला त्याची फाइल लावतात.

पहिली चूक सगळ्यांना माहितीये तरी लोक करतात, टुरिस्ट व्हिसावर जाऊन "थोडंसंच" काम. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) व्हिसा 180 दिवसांत 90 दिवस राहायचा आहे, नोकरीधंद्याचा नाही. ब्रिटनने 31 जानेवारी 2024 पासून व्हिजिटरला आपलं तिकडचं काम रिमोट करायला मुभा दिलीये, पण येण्याचं मुख्य कारण काम नसावं ही अट आहेच, म्हणजे मावशीकडे गेलात आणि दोन मीटिंग केल्या तर चालेल, सहा महिने मुक्काम ठोकून धंदा चालवायचा तर नाही.

दुसरी गंमत एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी. 2014 पासून चालू आहे, कार्ड मिळतं, त्यावर ऑनलाइन कंपनी काढता येते, आणि नावात रेसिडेन्सी असल्यामुळे लोकांना वाटतं की आता युरोपात राहायला मिळणार. एक दिवससुद्धा मिळत नाही. राहायचं असेल तर त्यांचा डिजिटल नोमॅड व्हिसा (तिथे राहून बाहेरच्यांचं काम ऑनलाइन करणाऱ्यांसाठीचा) वेगळा आहे, तो 2020 मध्ये आला.

जर्मनी आणि स्पेन एकमेकांच्या उलटे आहेत

हे नीट वाचा, कारण पैसे आणि महिने सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. जर्मनीच्या फ्रीलान्स परवान्याला तिथली गिऱ्हाइकं लागतात. नियमात अगदी तसं लिहिलंय असं नाही, पण फाइलमध्ये जर्मनीतल्या कंपन्यांची "आम्ही यांना काम देणार आहोत" अशी पत्रं बघतात. सगळे क्लायंट टेक्सास आणि सिडनीचे असतील तर समोरचा ऑफिसर विचारणार, मग तुम्ही जर्मनीत कशाला येताय? स्पेनच्या डिजिटल नोमॅड परवान्याचं बरोबर उलटं. तिथे स्पेनमधल्या क्लायंटकडून येणारं काम एकूण कामाच्या 20 टक्क्यांपर्यंतच चालतं, बाकी सगळं बाहेरचंच हवं. म्हणजे एकच माणूस, तेच इन्व्हॉइस, एका देशात कमकुवत फाइल आणि दुसऱ्यात भक्कम. म्हणून आधी मागच्या वर्षभराची इन्व्हॉइस काढा, कुठल्या देशातून किती आलं ते मांडा, आणि मग देश ठरवा.

जर्मनीबद्दल अजून थोडं. अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाले तिथे जाऊन अर्ज करू शकतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक तसंच करायला जातात, पण भारतीय पासपोर्टला इथूनच नॅशनल व्हिसा काढून जावं लागतं. वयाची पंचेचाळिशी ओलांडली असेल तर म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. ट्रॅव्हल इन्शुरन्सवर परवाना मिळत नाही, तिथला ग्राह्य हेल्थ इन्शुरन्सच लागतो. आणि तिथे आधीच ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) नोकरी करणारे, संध्याकाळी साइडला एखादा प्रोजेक्ट घ्यायचा विचार असेल तर आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसची परवानगी घ्या, क्लायंट पुण्याचा असला तरीही.

आता एक उलटी चूक, नको असलेला परवाना मागायची. आमच्या ओळखीतली एक यूआय डिझायनर, नवरा म्युनिकला ब्लू कार्डवर, ही इथे बसून फ्रीलान्स व्हिसाची कागदपत्रं आणि जर्मन क्लायंटची पत्रं गोळा करत होती. गरजच नव्हती. जोडीदार म्हणून गेल्यावर जे कार्ड मिळतं त्यावर कामधंद्याला परवानगी असल्याची ओळ असते, आणि त्यात नोकरीबरोबर स्वतःचा व्यवसायही येतो. तिथल्या टॅक्स ऑफिसात नोंदणी करून नंबर मात्र घ्यावाच लागतो. तेव्हा जोडीदार आधीच तिकडे असेल तर सगळ्यात आधी त्या कार्डावरची ओळ वाचा.

स्पेनची फाइल कुठे अडकते

उत्पन्नाची अट आहे तिथल्या किमान पगाराच्या 200 टक्के. 2025 मध्ये किमान पगार 1,184 युरो होता, लोक दुप्पट करतात, 2,368 येतात, आणि खूश होतात. पण स्पेनमध्ये तो पगार वर्षाला 14 हप्त्यांचा धरतात. 1,184 गुणिले 14, भागिले 12, मग दुप्पट, म्हणजे महिन्याला साधारण 2,763 युरो. बायको किंवा नवऱ्याला नेणार असाल तर वर किमान पगाराचे 75 टक्के, म्हणजे 2025 च्या हिशोबाने 1,036 च्या आसपास, आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे 25 टक्के. हा आकडा किमान पगाराबरोबर वाढतो, त्यामुळे जुन्या लेखातला आकडा उचलू नका, आणि तुमची कमाई डॉलरमध्ये असेल तर अगदी काठावर राहू नका, एक महिना डॉलर घसरला की झालं.

दुसरी अडचण क्लायंटची. क्लायंट कंपनी किमान एक वर्ष जुनी हवी, तुमचा तिच्याशी संबंध किमान तीन महिने जुना हवा, आणि हा माणूस स्पेनमधून काम करेल याला आमची हरकत नाही असं तिचं पत्र हवं. अपवर्क, फायव्हर अशा फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांचं इथेच घोडं अडतं, कारण प्लॅटफॉर्म हा क्लायंट नाही, आणि खरा क्लायंट बऱ्याचदा कुणीतरी एकटा माणूस असतो ज्याच्याकडे कंपनीचं सर्टिफिकेटच नाही. उपाय एकच, नोंदणीकृत कंपनी असलेले एक-दोन मोठे क्लायंट निवडा, त्यांच्याशी प्लॅटफॉर्मच्या नियमात राहून थेट करार करा, आणि मग तीन महिने थांबा. हे तीन महिने कुठल्याही एजंटला कमी करता येत नाहीत, तो काहीही सांगो.

तिसरं म्हणजे स्टेटमेंट. इन्व्हॉइसवर क्लायंटचं नाव एक, आणि बँकेत पैसे पेओनिअरच्या (परदेशातले पैसे पोचवणारी कंपनी) किंवा दुसऱ्या कुठल्या नावाने जमा, रक्कमही फी कापून थोडी कमी. बघणाऱ्याला ताळमेळ लागत नाही. प्रत्येक जमेचं परकीय चलन आल्याचं सर्टिफिकेट काढून ठेवा आणि एका साध्या एक्सेलमध्ये इन्व्हॉइस नंबर, तारीख, डॉलर, जमा रुपये असं ओळीने लावून सोबत जोडा. कंटाळवाणं काम आहे पण जास्तीची कागदपत्रं मागणारं पत्र यायचं टळतं.

डिग्री (किंवा तीन वर्षांचा अनुभव), लग्नाचं सर्टिफिकेट, पोलीस क्लिअरन्स यांना अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागतं, डिग्रीला आधी राज्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा. लोक आधी स्पॅनिश भाषांतर करून घेतात आणि मग अपॉस्टिल लावतात, मग त्या शिक्क्याचंच भाषांतर राहून जातं आणि परत पैसे. अपॉस्टिल आधी, शपथबद्ध अनुवादकाकडचं भाषांतर नंतर. पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, ते लवकर जुनं होतं.

आणि तो 24 टक्के फ्लॅट टॅक्स, बेकहॅम लॉ म्हणतात तो, त्याच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका. तो मुख्यतः पगारदार रिमोट नोकरीवाल्यांसाठी आहे, स्वतःच्या नावाने बिलं फाडणाऱ्या बहुतेकांना मिळत नाही.

भारतातलं मागे राहिलेलं

निघायची तारीख तिकिटाच्या भावावर ठरवतात, ती टॅक्सवर ठरवा. 1 एप्रिलपासून 29 सप्टेंबरपर्यंत भारतात राहिलात की 182 दिवस भरले, त्या आर्थिक वर्षाला तुम्ही इथले रहिवासी, आणि जगभरची कमाई इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची. स्पेन मात्र जानेवारी ते डिसेंबर मोजतो. दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून सीएशी बोला, आणि व्हिसा आल्यावर नाही, अर्ज करायच्या आधी.

दुबईवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. तिथे महिना 3,500 डॉलर उत्पन्नावर रिमोट कामाचा वर्षाचा व्हिसा मिळतो, वैयक्तिक इन्कम टॅक्स नाही, सगळं छान. पण 2020-21 पासून भारतात नियम आहे की भारतीय नागरिकाचं परदेशी सोडून बाकी उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्सला पात्र नसेल, तर त्याला इथला रहिवासी धरतात. "माझं सगळं उत्पन्न परदेशीच आहे" म्हणून लोक निवांत राहतात. पण धंदा भारतातून चालत असेल किंवा व्यवसाय भारतात उभा केलेला असेल तर ती कमाई परदेशी धरत नाहीत. प्रोप्रायटरशिप पुण्याच्या पत्त्यावर, जीएसटी नंबर चालू, इन्व्हॉइसवर तोच पत्ता आणि माणूस दुबई मरिनाला, अशी अवस्था ठेवू नका.

साधं सेव्हिंग अकाउंट तसंच चालू ठेवणं हीसुद्धा चूकच, राहायला गेलात की ते एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करून घ्यायचं असतं. आणि अमेरिकन क्लायंटला तुम्ही कधीतरी डब्ल्यू-8बेन फॉर्म (आपण अमेरिकेच्या टॅक्ससाठी परदेशी आहोत हे सांगणारा) भरून दिलेला असतो, त्यात तुमचा देश भारत लिहिलेला असतो. देश बदलला की 30 दिवसांत नवीन फॉर्म द्यायचा असतो. क्लायंट मागत नाही, आपणच आठवणीने पाठवायचा, आणि त्याच मेलमध्ये इन्व्हॉइसचा नवा पत्ता आणि बँकही कळवून टाकायची.